बिनकानाचा कारकून

नगरच्या माणसाने दिलेल्या सूचनेत निम्मीच माहिती असते. उरलेली निम्मी ऐकणाऱ्याला ठाऊक असलीच पाहिजे, असा इथला रिवाज आहे. 'नगरला उतर, मी स्टँडवर येतो' हे वाक्य घ्या. शहरात माळीवाड्याचा स्टँड आहे, तारकपूरचा आहे आणि पुणे स्टँडही आहे. सांगणारा त्यातला एक मनात धरतो आणि फोन ठेवतो. येणारा दुसऱ्यावर उतरतो. मग दोघेही 'अरे, मी स्टँडवरच उभाय' असं एकमेकांना शपथेवर सांगतात, आणि दोघेही खरं बोलत असतात. तरी पाहुणे जेवायच्या वेळेपर्यंत घरी पोचतात, कारण माणूस अर्ध्या सूचनेवर जगायला शिकलेला आहे. तो विचारतो, अंदाज बांधतो, दोन शिव्या देतो आणि पोचतो.

आता मात्र कामावर असा एक गडी आलाय, की जो अर्धी सूचना ही पूर्ण सूचना समजतो आणि तेवढ्याच निष्ठेने अमलात आणतो. त्याला एआय एजंट म्हणतात. माझी त्याची ओळख भाच्यामुळे झाली.

भाचा सावेडीत घरी बसून पुण्यातल्या एका गेम कंपनीचं काम करतो. पुण्यात हा धंदा आता बऱ्यापैकी रुजलाय. नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० साली तिथूनच बाहेर पडला आणि सुपरगेमिंगचा 'इंडस' २०२४ साली. भाच्याची कंपनी त्यांच्यापेक्षा पुष्कळ लहान. त्यांचा गेम १५९५-९६च्या नगरच्या वेढ्यावर आहे. बाहेर मोगलांची फौज, आत भुईकोट किल्ल्यात चांदबीबी, आणि सुरुंगाने पाडलेलं तटाचं खिंडार रातोरात बुजवायची धावपळ. यातला आवाज भाच्याकडे. तोफा, घोडे, बैलगाड्या, गवंड्यांच्या थाप्या, सगळं.

मला वाटायचं, आवाज रेकॉर्ड केला आणि वाजवला की झालं. सिनेमात तसं होतही असेल. गेममध्ये खेळणारा कधी पळेल, कधी थांबेल, कधी उगाचच तटाला धडका देत बसेल, हे आधी कुणाला माहीत? म्हणून मध्ये एक वेगळं सॉफ्टवेअर लागतं. मॉन्ट्रियलच्या ऑडिओकायनेटिक कंपनीचं 'वाईज' किंवा मेलबर्नच्या फायरलाईट टेक्नॉलॉजीजचं 'एफमॉड', ही त्यातली दोन मोठी नावं. गेम फक्त एवढंच कळवतो, की 'पाऊल पडलं'. याला इव्हेंट म्हणतात. ते पाऊल काळ्या मातीत पडलं, मुरमावर, फरशीवर की पाण्यात, हे स्विच ठरवतो. एकच पाऊल लागोपाठ दोनदा वाजू नये, म्हणून वेगवेगळ्या पावलांचा रँडम कंटेनर असतो. घोड्याचा वेग वाढला तर टापा किती चढायच्या, हे आरटीपीसी नावाची एक रेघ सांगते. सगळे आवाज एकत्र जातात ती बस, आणि गेमसोबत द्यायचे आवाज भरून ठेवायचे ती साऊंडबँक.

"बँकेत ठेवलेलं हवं त्या क्षणी मिळतं," भाचा म्हणाला. पतसंस्थांच्या जिल्ह्यात जन्म काढलेल्या माझ्या बायकोने हातातलं निवडायचं ताट बाजूला ठेवून विचारलं, "कुठली रे शाखा?"

आता या सगळ्यात कंटाळवाणं काम फार. शेकडो फायलींना नीट नावं द्या, आत घ्या, योग्य कंटेनरमध्ये टाका, इव्हेंटला जोडा, बँक तयार करा. तेव्हा कंपनीने ठरवलं, की हे एजंटाकडून करून घ्यायचं. वाट तयार होतीच. २०१७ पासून वाईजला बाहेरच्या प्रोग्रॅमकडून हुकूम घ्यायची सोय आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' जाहीर केला आणि भाषा जाणणाऱ्या मॉडेलांना अवजारं हाताळायची एक सामायिक रीत मिळाली. एजंट आला, दार उघडं होतं. फक्त कंपनीने स्वतःच्या सोयीसाठी बनवलेली जी टूल्स होती, ती कशी वापरायची हे कुणीही, कधीही, कुठेही लिहून ठेवलेलं नव्हतं.

ती टूल्स एका सीनियर साऊंड डिझायनरने केलेली. कागद मागितला की ते कपाळावर बोट ठेवून म्हणत, "सगळं इथं आहे." ते जाग्यावर नसले की कंपनीचं डॉक्युमेंटेशनही जाग्यावर नसे. अशी माणसं प्रत्येक कचेरीत असतात. लिहून ठेवलं तर लोक वाचतील, आणि वाचलं तर आपल्याला विचारायला येणार नाहीत, ही भीती मी महसूल खात्यात अख्खी नोकरी पाहिली आहे.

लिहिण्याचं काम शेवटी भाच्यावर आलं. त्याने पहिलं पान लिहिलं : 'इम्पोर्ट टूल चालवा. फायली व्यवस्थित लावा. मग नेहमीप्रमाणे बँक करा.' एजंटाने फायली व्यवस्थित लावल्या, म्हणजे अक्षरक्रमाने. त्यामुळे घोड्याचं खिंकाळणं घंटेच्या शेजारी जाऊन बसलं. 'नेहमीप्रमाणे' याचा अर्थ त्याने पूर्वीच्या फायलींवरून काढला. त्यात एकदा कुणीतरी घाईत सगळ्या जुन्या बँका पुसून नव्या केल्या होत्या. तेवढंच त्याला 'नेहमीचं' दिसलं. त्याने पुसल्या. आणि शेवटी अत्यंत अदबीने कळवलं, की काम यशस्वीरीत्या पूर्ण झालं आहे.

तेव्हा भाचा माझ्याकडे आला. "मामा, तुम्ही तहसीलला अव्वल कारकून होता ना? तुमच्याकडे कागद कसा लिहायचे?"

मी त्याला चतुःसीमा शिकवली. खरेदीखतात 'आंब्याजवळचं रान' असं लिहून चालत नाही. पूर्वेला कोणाचा गट, पश्चिमेला ओढा, दक्षिणेला शिवरस्ता, उत्तरेला कोण, हे घालावं लागतं. कारण कागद वाचणारा माणूस त्या रानात कधीच गेलेला नसतो, आणि बहुधा तो न्यायाधीश असतो. टूलचीही चतुःसीमा घाल म्हटलं. हे काय करतं, एक. कशाला हात लावत नाही, दोन. चालवण्याआधी काय तयार हवं, तीन. चालवल्यावर कुठे काय दिसलं म्हणजे काम झालं, चार. पुसणारं टूल असेल तर ठळक अक्षरांत वेगळी ओळ : 'विचारल्याशिवाय चालवू नये.' आणि 'नेहमीप्रमाणे', 'योग्य ते', 'आवश्यकतेनुसार' हे तीन शब्द हद्दपार. हे सांगताना मला थोडं जड गेलं, कारण त्यांच्याच जोरावर माझं निम्मं टिपणीलेखन उभं होतं.

मग 'जरा'चा प्रश्न आला. साऊंडवाल्यांची सगळी भाषा जरावर चालते. "तोफ जरा खाली घे." "पाऊस जरा मागे ढकल." डिझायनर डिझायनरला हे बोलतो आणि त्याला कळतं. एजंट मात्र आकडा लावणार, आणि आकडे डेसिबलमध्ये. त्यात पुन्हा गंमत अशी, की शून्य डेसिबल म्हणजे शांतता नव्हे. शून्य म्हणजे मूळ आवाज आहे तसा, आणि कमी करायचा तर उण्यात जायचं. उणे सहा केलं की लाटेची उंची साधारण निम्मी होते. मी भाच्याला कोष्टकच करून दिलं. किंचित : उणे १. जरा : उणे २. थोडा : उणे ३. बराच : उणे ६. 'अरे, माणसं बोलतायत ना तिथं' : उणे १२. 'बंद कर ते आधी' : उणे ९६. कंपनीत ते कोष्टक इतकं चाललं, की आता दोन डिझायनर चहा पितानाही "उणे तीन बोल, साहेब मागे आहेत" असं म्हणतात.

एजंटाची दुसरी खोड म्हणजे माहीत नसलं तरी तो 'माहीत नाही' म्हणत नाही. एखादी आज्ञा कागदात नसली, तर तशी आज्ञा असायला हवी असं धरून तिला एक झकास नाव देतो आणि चालवून मोकळा होतो. टूल अर्थातच 'त्रुटी आली' एवढंच म्हणतं. मग तो दुसरं नाव शोधतो. म्हणून कागदात काय आहे याबरोबर काय नाही हेही लिहावं लागतं : 'पाऊस थांबवण्याची वेगळी आज्ञा नाही. शोधू नये. हवामानाची स्टेट बदलावी.' आणि त्रुटीचा मजकूरही सुधारावा लागतो. नुसतं 'चूक आहे' म्हणजे खिडकीवरचं 'उद्या या'. त्यावर माणूस चरफडत घरी जातो, एजंट तिथेच उभा राहून पुन्हापुन्हा तोच अर्ज देतो. भाच्याने मजकूर बदलला : 'मुरूम नावाचा स्विच सापडला नाही. उपलब्ध स्विच : काळी माती, फरशी, पाणी. नवीन हवा असल्यास आधी तयार करा, प्रोजेक्ट सेव्ह करा, बँक पुन्हा बनवा.' मी तो वाचला आणि मला भरून आलं. नोकरीत मी असं उत्तर कुणाला देताना पाहिलं नव्हतं.

नाव बदलण्यावर मात्र आमचं एकमत आधीपासूनच होतं. वाईजमध्ये तुम्ही इव्हेंटचं नाव बदललं, तर आतल्या आत सगळं ठीक राहतं. पण गेमचा कोड बाहेरून जुन्याच नावाने हाका मारत असतो, त्याला कुणी ओ देत नाही, आणि तोफ मुकी होते. तेव्हा नियम : नाव बदलण्यापूर्वी ते कुठे कुठे वापरलंय ते बघा. आमच्या जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं. त्यासाठी पाट्या, शिक्के, लेटरहेडं असा केवढा बदल करावा लागला. बोलण्यात मात्र काही बंद पडलं नाही, कारण इथला माणूस आधीही नुसतं 'नगर'च म्हणत होता आणि आताही म्हणतो. आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या फक्त तेवढाच भाग वापरला, जो दोन्ही नावांत टिकला. असा दूरदृष्टीचा प्रोग्रॅमर कंपनीला अजून मिळालेला नाही.

पण खरी मेख पुढे होती. आवाजाचं काम करणाऱ्या या गड्याला कानच नाहीत. काही मॉडेलांना आता ध्वनी समजतो म्हणतात, पण कंपनीच्या वाट्याला आलेला एजंट मजकूर वाचणारा. त्याला फाईलचं नाव दिसतं, लांबी दिसते, शिखर कुठे आहे ते दिसतं, सरासरी जोर किती एलयूएफएस ते दिसतं. टीव्हीला जोडलेल्या गेमयंत्रासाठी हा जोर उणे २४च्या आसपास असावा, अशी सोनीची मार्गदर्शक सूचना आहे. एजंटाने अख्खा गेम त्या मापात बसवला, तेही कंटाळा न करता. मात्र आवाज बैलाचा की बुलेटचा, हे त्याला फाईलच्या नावावरूनच कळायचं.

बैलगाडीचा आवाज भाच्याने ऊसतोडीच्या हंगामात राहुरीच्या बाजूला जाऊन आणला होता. माईकला वाऱ्यासाठी घालतात ती केसाळ टोपी घालून हा बांधावर उभा, समोरून उसाने लादलेली गाडी, घुंगरं, आऱ्यांची करकर, गाडीवानाचं 'हाऽऽ'. सुरेख जमलं होतं. एवढ्यात मोटारसायकलवरून एक गृहस्थ आले, थांबले आणि टोपीच्या केसांत तोंड घालून म्हणाले, "कोणत्या चॅनलचे तुम्ही? आमच्या डीपीचं पण दाखवा की." भाच्याने रेकॉर्डिंग बंद केलं नाही, कारण बैल अजून जायचे होते. फाईलला नाव पडलं 'बैलगाडी ३'. एजंटाने तिन्ही फायली तपासल्या. तिसरी सगळ्यात लांब, सगळ्यात स्पष्ट, शिखर झकास. तीच निवडली. पुण्यात साहेबांपुढे गेम लागला. १५९५ सालची रात्र, मशाली, तटाकडे दगड वाहून नेणाऱ्या गाड्या, आणि त्या निजामशाही अंधारातून खणखणीत आवाज आला : "आमच्या डीपीचं पण दाखवा की."

तेव्हापासून फायलींची नावं हे साहित्य झालं. पूर्वी 'फायनल', 'फायनल २', 'खरी फायनल', 'ही घ्या' अशी नावं असत. आता : 'बैलगाडी, भरलेली, कच्चा रस्ता, मध्यम वेग, माणसाचा आवाज नाही.' शेवटचे तीन शब्द भाचा प्रत्येक फाईलला लावतो, अगदी माणसाच्या आवाजाची फाईल असली तरी. मी म्हटलं, तोफेचा आवाज आपल्या रणगाडा संग्रहालयात मिळतो का बघ. १९९४ पासून नगरला ते आहे, देशोदेशीचे रणगाडे रांगेने उभे. तो जाऊन आला. म्हणाला, "मामा, चाळीसेक टनांचं एकेक धूड आहे, पण सगळी गप्प." मी दारांचाही मुद्दा काढला होता. कागदात 'प्रत्येक घराला दाराची करकर जोडावी' असा सरसकट नियम होता. मी लिहिलं, शनिशिंगणापूर वगळून. तिथे घरांना दारं न लावण्याची परंपरा, बँकेनेसुद्धा २०११ साली तिथे बिनकुलपाची शाखा काढली. भाचा म्हणाला, आपल्या गेममध्ये शिंगणापूर नाही. मी म्हटलं, कागद म्हटल्यावर अपवाद पाहिजे. ती ओळ ठेवली.

तसं वाचणारा समोर नसताना लिहीत राहणं नगर जिल्ह्याला नवं नाही. ज्या किल्ल्याचा हा गेम, तिथेच १९४२ च्या ऑगस्टपासून काँग्रेसचे पुढारी कैदेत होते. नेहरूंनी १९४४ साली पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'ची हजारभर हस्तलिखित पानं तिथे लिहिली. मौलाना आझाद तर एका मित्राला पत्रं लिहीत राहिले. ती पाठवता येत नव्हती, तरी त्यांत चहा आला, खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्या आल्या, आपण सतार शिकलो तेही आलं. शहराजवळ अरणगावला मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ ला मौन धरलं आणि ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवीपर्यंत ते सोडलं नाही. मधली पुष्कळ वर्षं अक्षरफलकावर बोट फिरवून ते मजकूर सांगत, आणि 'गॉड स्पीक्स' नावाचा ग्रंथ त्याच रीतीने तयार झाला. आणि नेवाशाला तर या विषयाचं मूळपीठच आहे. जाणकारांच्या भाषेत अडकलेले सातशे श्लोक, आणि १२९० साली सगळ्यांना कळाव्यात म्हणून सांगितलेल्या सुमारे नऊ हजार ओव्या. लिहून घ्यायला सच्चिदानंदबाबा. मूळ वस्तूपेक्षा तिचा खुलासा मोठा असायला हरकत नाही, हे तेव्हाच ठरलं.

मी हा दाखला दिला, तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, एवढं नको. त्याची कॉन्टेक्स्ट विंडो भरते." म्हणजे एका वेळी डोक्यात मावणारा मजकूर ठरलेला असतो, तो भरला की सुरुवातीचं निसटायला लागतं. म्हणून वर आटोपशीर अनुक्रम, आणि लागेल तेव्हाच उघडायची तपशिलाची पानं. मी प्रास्ताविक काढलं, पार्श्वभूमी काढली, 'सविनय सादर' काढलं. उरला तो मजकूर मलाच परका वाटला, इतका तो कळत होता.

या सगळ्यात एका गोष्टीचं नवल मला अजून वाटतं. कंपनीत नवीन लागलेली पोरं वर्षानुवर्षं म्हणत होती, की काहीतरी लिहून द्या हो. त्यांना उत्तर मिळे, 'हळूहळू कळेल.' एजंट आला आणि महिन्याच्या आत सगळं लिहून तयार. उदाहरणासकट, अपवादासकट, काय चुकू शकतं त्यासकट. माणसाला अर्धं सांगून भागतं, कारण उरलेलं तो स्वतः हाल सोसून भरून काढतो, आणि त्या हालांना आपण अनुभव म्हणतो. यंत्र हाल सोसत नाही, ते सरळ बँका पुसतं. त्यामुळे त्याला पूर्ण सांगावं लागतं. जगातला हा पहिला वाचक असा, की ज्याने कागद न वाचता काम केलं तर नुकसान वाचकाचं होत नाही, लिहिणाऱ्याचं होतं.

सीनियर साहेबांनीही शेवटी कपाळातलं सगळं कागदावर उतरवून दिलं. यंत्र चहाच्या वेळी टोमणे मारणार नाही याची खात्री झाली, तेव्हा ते मोकळे झाले म्हणतात.

मध्यंतरी संगमनेरची एक मुलगी तिथे नवीन लागली. पंधरवड्यात तिला सगळी टूल्स येऊ लागली. सीनियर साहेब चक्रावले, की ही कुणालाच काही विचारत का नाही? चौकशी झाली. तिने एजंटासाठीची फाईल उघडून सरळ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली होती. बातमी फुटली, आणि आठवड्याभरात सगळी कंपनी ती फाईल वाचू लागली. साहेबही वाचताना सापडले, म्हणाले, "माझंच आहे, पण नीट लिहिलंय." आता प्रश्न असा पडला, की जी फाईल यंत्रासाठी आहे, ती कर्मचाऱ्यांनी वाचावी की नाही, याचा कुठे नियम नाही. भाच्याने मला फोन केला. मी खात्याच्या जुन्या सवयीने एक ओळ सांगितली, आणि ती आता फाईलच्या माथ्यावर आहे : 'सदर मजकूर माणसांनी वाचल्यास कंपनीची हरकत नाही.'